कारचे टायर बदलायचेत? कमी बजेटमध्ये योग्य टायर कसा निवडायचा, सोप्या भाषेत

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी, चार्जिंगचे वॉट, सगळं तपासतो. टायरच्या दुकानात गेल्यावर मात्र आपला एकच प्रश्न असतो, "सगळ्यात स्वस्त कोणता?" मग दुकानदार त्याच्याकडे जो पडून आहे तो दाखवतो. त्याचीही काही चूक नाही, तुम्ही स्पेसिफिकेशन विचारलेच नाहीत.

टायरचे सगळे स्पेसिफिकेशन टायरवरच छापलेले असतात. ते वाचता आले की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत हे ठरवणं सोपं जातं. एक गोष्ट लक्षात घ्या. एक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. तुमच्या गाडीत एअरबॅग दोन असोत की सहा, एबीएस असो वा नसो, ब्रेक शेवटी त्या चार तळहातांवरच लागतो.

आधी बघा, बदलायची वेळ खरंच आली आहे का?

टायरच्या खोल खाचांमध्ये मध्येमध्ये छोटे रबरी उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा "टीडब्ल्यूआय" ही अक्षरं असतात. टायरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारसाठी हीच किमान मर्यादा आहे, त्याखालचा टायर रस्त्यावर चालवणं बेकायदा. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते.

माझं मत विचाराल तर १.६ पर्यंत थांबू नका. कोरड्या रस्त्यावर गोटा टायरसुद्धा पकड देतो, म्हणून तर आपल्याला वाटतं की "अजून चालतोय की". खाचांचं खरं काम पाणी बाहेर फेकण्याचं आहे. ३ मिलिमीटरच्या खाली हे काम चांगलंच मंदावतं आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागते. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर समजा टायर रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे. त्यामुळे मे महिन्यात खाच ३ मिलिमीटर असेल तर पावसाळ्याआधी टायर बदलून घेणं शहाणपणाचं.

बाजूला फुगा किंवा गाठ आली असेल, आतल्या तारा दिसत असतील, बाजूच्या भागावर भेगा असतील, तर खाच कितीही असो, टायर बाद. बाजूच्या भागाचं पंक्चर काढून वापरायच्या भानगडीतही पडू नका.

टायरवरचा कोड कसा वाचायचा?

मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरच्या बाजूचा फोटो काढा. उदाहरण म्हणून मारुती स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटमध्ये येणारा साइज घेऊ: १८५/६५ आर१५ ८८एच.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, हल्ली कारचे जवळजवळ सगळे टायर रेडियलच असतात. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. (एकाच कोडमध्ये मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे कोणी डिझाइन केलं असेल त्याचं कोड रिव्ह्यू झालेलं दिसत नाही.)

शेवटचं ८८एच बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि स्वस्त टायरच्या नादात फसगत इथेच होते. ८८ हा लोड इंडेक्स आहे, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो वजन पेलू शकतो. ८२ असेल तर ४७५ किलो, ८५ असेल तर ५१५. एच हे वेगाचं चिन्ह, ताशी २१० किलोमीटरपर्यंत. टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. आता तुम्ही म्हणाल, मला कुठे २१० ने पळवायची आहे? बरोबर आहे, पण हे चिन्ह टायर किती उष्णता सहन करू शकतो त्याचं माप आहे. भर एप्रिलमध्ये, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन हायवेला तीन तास गाडी हाकली की ही सहनशक्ती उपयोगी पडते. म्हणून नियम साधा ठेवा: लोड इंडेक्स आणि वेगाचं चिन्ह गाडीसाठी सांगितलेलं आहे तेवढं किंवा त्याहून वरचं. खालचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला "काही होत नाही साहेब" तरी.

गाडीसाठी काय सांगितलंय ते कुठे मिळेल? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर एक स्टिकर असतो. साइज आणि हवेचा दाब दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. स्टिकर निघून गेला असेल तर कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ घ्या. सध्या गाडीला जो टायर लावलेला आहे त्यावरून साइज ठरवू नका, विशेषतः गाडी सेकंडहँड घेतली असेल तर. आधीच्या मालकाने काय लावून ठेवलंय कुणास ठाऊक.

रुंद टायर लावू का?

हा प्रश्न येणारच, म्हणून थोडं गणित. स्विफ्टच्याच खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ येतो. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. वर-खाली मिळून २६४. त्यात १४ इंचाचा रिम म्हणजे ३५५.६ मिळवा, एकूण व्यास झाला ६१९.६ मिलिमीटर. वरच्या व्हेरियंटचा १८५/६५ आर१५ त्याच पद्धतीने काढला तर ६२१.५ येतो. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. कंपनीने रिम मोठा केला, पण टायरची भिंत कमी करून एकूण चाक तेवढंच ठेवलं.

आता त्याच १५ इंची रिमवर १९५/६५ घातला तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे सुमारे २ टक्के जास्त. स्पीडोमीटर आधी दाखवायचा त्यापेक्षा तेवढा कमी वेग दाखवणार, पिकअप किंचित जड होणार, आणि पैसे तर जास्त जाणारच. ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं साधारण मानतात. पण बजेट हा मुद्दा असेल तर हा विषय सोडूनच द्या. कंपनीचा साइज सगळीकडे मिळतो, दुकानदारांत स्पर्धा असते, भाव पाडता येतो.

मुख्य मुद्दा: तुम्ही वर्षाला गाडी किती चालवता?

स्वस्त टायर म्हणजे बिल कमी आलेला टायर नव्हे. हिशोब प्रति किलोमीटर करा.

समजा एक टायर ३,६०० रुपयांचा आहे आणि ३०,००० किलोमीटर चालतो. चार टायरचे झाले १४,४००, म्हणजे किलोमीटरला ४८ पैसे. दुसरा ४,६०० चा आहे, पण ४५,००० चालतो. चारचे १८,४००, किलोमीटरला ४१ पैसे. महाग टायर स्वस्त पडला. इथपर्यंत सगळे सांगतात.

पण हा हिशोब अर्धाच आहे. रबर नुसतं झिजत नाही, म्हातारंही होतं. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते कडक होत जातं, मग खाच भरपूर असली तरी ओल्या रस्त्यावर पकड मिळत नाही. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नवा दिसत असला तरी काढून टाका, असं टायर कंपन्याच सांगतात. आपल्याकडे बाराही महिने उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांसाठी मी तर सहा-सात वर्षांनाच हद्द समजतो.

आता तुमचा आकडा काढा. डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी उघडा, नोंदणीची तारीख बघा. ओडोमीटरच्या आकड्याला तेवढ्या वर्षांनी भागा. समजा तुम्ही पुण्यात राहता, ऑफिसला बाइक किंवा मेट्रो, कार फक्त शनिवार-रविवार आणि गावी जायला. वर्षाला ६,००० किलोमीटर आले. मग ४५,००० चालणारा टायर झिजायला तुम्हाला साडेसात वर्षं लागतील. त्याआधीच रबर कडक होणार. म्हणजे जास्तीच्या आयुष्यासाठी मोजलेले हजार रुपये तुम्ही वापरणारच नाही. तुमच्यासाठी ३०,००० चालणारा, पण ओल्यात चांगली पकड देणारा टायरच खरा स्वस्त. तो बरोबर पाच वर्षांत संपेल.

उलट कोणी रोज नाशिक-सिन्नर किंवा पनवेल-ठाणे ये-जा करत असेल, वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील, तर त्याने जास्त चालणारा टायरच घ्यावा. त्याचे टायर म्हातारे व्हायच्या आत झिजणार आहेत. एकाच दुकानात, एकाच साइजसाठी दोघांचं उत्तर वेगळं आहे, आणि हे दुकानदाराला कळणं शक्य नाही. त्याला तुमचं ओडोमीटर माहीत नाही.

टायर किती चालेल हे कसं ओळखायचं? काही टायरवर "ट्रेडवेअर" लिहून पुढे २८०, ३४०, ४२० असा आकडा असतो. ही अमेरिकी पद्धत आहे. एका प्रमाण टायरला १०० मानून त्याच्या तुलनेत हा किती चालतो ते सांगायचं. पण आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका ब्रँडचा ३४० आणि दुसऱ्याचा ३४० सारखेच असतील असं नाही. एकाच कंपनीचे दोन मॉडेल ताडून बघायला मात्र बरा आहे. त्याच्या शेजारी "ट्रॅक्शन" हे अक्षर असतं: एए, ए, बी किंवा सी. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक कसा लागतो तेवढंच सांगतं, वळणाचं नाही. तरी कोकणात गाडी जाणार असेल तर मी हे अक्षर आधी बघेन.

काही टायरवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल दिसेल, फ्रिज-एसीवर असतं तसंच. जास्त स्टार म्हणजे टायर रस्त्यावर कमी अडखळतो, पेट्रोल कमी लागतं. कमी चालवणाऱ्याने यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, रोजच्या हायवेवाल्याने जरूर विचार करावा.

तारीख बघितल्याशिवाय टायर बसवून घेऊ नका

टायरवर "डीओटी" अक्षरांनी सुरू होणारा लांब कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याची तारीख. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बऱ्याचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली की नंतर दिसत नाहीत. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी चारही टायरचे फोटो काढा.

सहा महिन्यांचा टायर उत्तम, वर्षभराचा ठीक. नीट सावलीत ठेवलेला दीड-दोन वर्षांचा टायर लगेच खराब होतो असं नाही, पण तो पूर्ण किमतीत का घ्यायचा? इथे घासाघीस करायचा तुम्हाला हक्क आहे. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याने मात्र जुना स्टॉक टाळावाच, कारण त्याच्यासाठी वय हीच खरी मर्यादा आहे. "ऑनलाइन मोठी सूट" दिसली की विक्रेत्याला आधी हेच चार आकडे विचारा.

किंमत: कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

सर्वात आधी जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कार टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ४,००० असेल तर आधी ५,१२० पडायचे, आता ४,७२०. एका टायरमागे ४०० रुपये. कोणी जुन्या एमआरपीचा स्टिकर दाखवून भाव सांगत असेल तर बिलावर कराचा दर बघा. "बिल नको असेल तर कमी करतो" याला नाही म्हणा, बिल नसेल तर वॉरंटीही नाही. आणि वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, खड्ड्यात आपटून आलेल्या फुग्याला बहुधा नसते. दोष मान्य झाला तरी उरलेल्या खाचेच्या प्रमाणात पैसे वळते होतात, नवा टायर फुकट मिळत नाही.

"फॉरेन ब्रँड" म्हणून जास्त पैसे द्यायच्या आधी हे माहीत असू द्या. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. सामान्य साइजमध्ये दिसणारे बरेचसे टायर आता इथलेच असतात. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा वाळूजला, सीएटचा नाशिकला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. नावापेक्षा मॉडेल बघा. प्रत्येक कंपनीचं एक जास्त चालणारं आणि एक जास्त पकडीचं मॉडेल असतं.

कार टायरवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्याचा क्रमांक आयएस १५६३३. सोबत "सीएम/एल" ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा परवाना आहे ते दिसतं. अनोळखी ब्रँड खूप स्वस्तात मिळत असेल तर हे दोन मिनिटांचं काम कराच.

आता सेकंडहँड. जुन्या टायरच्या खाचा गरम ब्लेडने कोरून खोल करतात, वरून काळा पॉलिश मारतात, आणि टायर नव्यासारखा चमकतो. कोरताना नक्षीखालचं रबर पातळ होतं आणि आतल्या तारांपर्यंत फारसं काही उरत नाही. ओळखायची खूण म्हणजे ते रबरी उंचवटे. खाच खोल आहे पण उंचवटे गायब किंवा कापलेले आहेत, तर तो टायर हातही लावू नका. चाक बसवून चार-पाच हजार वाचतील, पण बसणारी माणसं तुमच्या घरची असतात.

वापरलेल्यांत एकच प्रकार मला पटतो. काही लोक नवी गाडी घेतल्या घेतल्या मोठे अलॉय आणि रुंद टायर लावतात आणि कंपनीचे मूळ टायर काढून विकतात. शंभर-दोनशे किलोमीटर चाललेले, तारीख ताजी. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी केली की असे मिळू शकतात. फक्त साइज, लोड इंडेक्स आणि तारीख नीट बघून घ्या.

बजेट दोनच टायरचं असेल तर?

चालेल. पण एकाच आसावरचे दोन्ही बदला, आणि एकाच मॉडेलचे. आता गंमत अशी की बहुतेक दुकानांत नवे दोन पुढे बसवतात, कारण पुढचे लवकर झिजतात. टायर कंपन्या नेमकं उलट सांगतात, नवे मागे बसवा. ओल्या वळणावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की बरंचसं सावरता येतं. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि तिला सावरायला तुमच्या-माझ्यासारख्याला वेळच मिळत नाही. तेव्हा मागचे बरे टायर पुढे आणि नवे मागे, असं स्पष्ट सांगा. दुकानदार हसला तर हसू द्या.

बसवताना बॅलन्सिंग आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या, नवा व्हॉल्व्हही टाका. इथे हात आखडता घेतलात तर नवे टायर एका बाजूने झिजतील. काही टायरवर "आउटसाइड" लिहिलेलं असतं किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बरोबर आहे का तेही बघा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची मला गरज वाटत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

"उन्हाळ्यात हवा कमी भर" हा सल्ला ऐकू नका

टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, असं गॅरेजवाल्यापासून काकांपर्यंत सगळे सांगतात. घडतं उलटं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. एखादी तार वाकवून-वाकवून तोडताना ती गरम होते ना, तसंच. वेग जितका जास्त तितकी उष्णता जास्त, आणि शेवटी टायर फुटतो तो या उष्णतेने. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता सिमेंटचा आणि सरळ, न थांबता दोन-दोन तास तोच वेग राहतो. तिथे टायर फुटून अपघात झाले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाला प्रवेशावर टायर तपासायला उभं राहावं लागलं.

दरवाजाच्या स्टिकरवरचा दाब हा टायर थंड असतानाचा असतो. चालून आल्यावर तो तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसेल, ते गृहीत धरलेलं आहे, हवा सोडू नका. पूर्ण लोडसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, गावी जाताना तो वापरा. बारा व्होल्टच्या सॉकेटला लागणारा छोटा पंप घेऊन ठेवला तर सकाळी पार्किंगमध्येच काम होतं. फोनमध्ये पंधरा दिवसांचा रिमाइंडर लावा. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवून घ्या.

आणि जुन्या चारांपैकी सगळ्यात बरा असेल तो स्टेपनीला ठेवा, बाकीचे दुकानदार घेतो आणि बिलात थोडे कमीही करतो. मात्र स्टेपनीच्या टायरची तारीखही एकदा बघून घ्या. कित्येक गाड्यांत ती गाडीएवढीच जुनी निघते.